भांग रुंदावतोय आणि केसही गळताहेत

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

डॉक्टर, मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते. वय ३८, पतसंस्थेत नोकरी. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, आठवडाभर अंगात ताप होता. त्यातून उठले, पण दिवाळीच्या तोंडावर केस गळायला लागले ते अजून थांबेनात. मोरीच्या जाळीवर रोज पुंजका साठतो. न्हायलं की जास्त गळतात म्हणून आता पंधरा दिवसांनी न्हाते. खरं सांगायचं तर भांग तीन-चार वर्षांपासूनच रुंदावत चाललाय. माझ्या आईचंही असंच झालं होतं. ऑफिसला जाताना भांगात आयब्रो पेन्सिल भरते. सासूबाई म्हणतात, "डोक्याला त्याल नाही, मग केस ऱ्हातील कसं?" मिस्टर म्हणतात, "केसांचं काय एवढं घेऊन बसलीस?" बायोटिनच्या गोळ्या दोन महिने खातेय. एका क्लिनिकमध्ये पीआरपीच्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय, सगळे पैसे आधी भरायचे. फेब्रुवारीत धाकट्या दिरांचं लग्न आहे. आणि परवा माझ्या १४ वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आई, माझे पण असेच होणार?" मला रात्रभर झोप लागली नाही. काय करू?

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. तुम्हाला एक नाही, दोन त्रास आहेत आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यावर आल्यामुळे तुम्ही घाबरून गेला आहात. दिवाळीपासून जे गळतंय ते डेंग्यूचं. चार वर्षांपासून जो भांग रुंदावतोय त्याचा डेंग्यूशी संबंध नाही. पहिला त्रास बहुतेक आपोआप थांबेल. दुसरा आपोआप थांबणार नाही, पण वेळेवर धरला तर रोखता येतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे सर्वांत जास्त पैसे कुठं जात असतील, तर पहिल्याचं औषध दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचं पहिल्यावर करण्यात. म्हणून आधी हे दोन वेगळे करू.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, त्यानंतर साधारण तीन महिने तो नुसता विसावलेला असतो आणि मग गळतो. त्याच जागी खालून नवा यायला लागतो. एरवी शंभरातले दहा-पंधरा केसच विसावलेले असतात, त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळले तरी कुणाच्या लक्षातही येत नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, फार कडक डाएट, घरातलं मोठं दुःख, असं काही झालं की शरीर एकदम पुष्कळ केसांना विसाव्यात ढकलतं. ते लगेच पडत नाहीत. आपले तीन महिने काढतात आणि मग सगळे मिळून येतात. ऑगस्टचा ताप आणि दिवाळीचं गळणं हा हिशेब तंतोतंत बसतो.

यातच लोकांची फसगत होते. केस गळायला लागले की माणूस त्याच आठवड्यातलं कारण शोधतो. शाम्पू बदलला म्हणून, बोअरचं पाणी लागलं म्हणून. धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आल्यापासून केस गेले, असं सांगणारेही मला भेटले आहेत. बोअरच्या जड पाण्यानं केस रुक्ष होतात, तुटतात, हे खरं. पण मुळापासून गळणाऱ्या केसांचं कारण बघायचं तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागं उलटावं लागतं.

आता एक करा. मोरीच्या जाळीवरचे चार-पाच केस उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेडात एक टोक नीट बघा. तिथं बारीक पांढरा ठिपका दिसेल. तो दिसला की बायका हबकतात, "मुळासकट आला" म्हणतात. मूळ तुमच्या डोक्यातच आहे ताई, ते कातडीच्या आत राहतं. तो पांढरा ठिपका म्हणजे केस आपली मुदत पुरी करून आल्याची खूण, आणि अशा केसाच्या जागी नवा केस येतो. ठिपका नसेल, केस आखूड असेल आणि टोक फाटलेलं असेल, तर तो गळलेला नव्हे, तुटलेला. त्याला स्ट्रेटनिंगची मशीन, ओल्या केसांत ओढलेला कंगवा, घट्ट रबरबँड असली कारणं असतात.

पंधरा दिवसांनी न्हाणं मात्र आजपासून बंद. न्हाण्यानं केस गळत नाहीत. जे आधीच सुटलेले असतात ते बाकीच्या केसांत अडकून राहतात आणि पाणी पडलं की एकदम खाली येतात. पंधरा दिवसांचे एकत्र आले की पुंजका मोठा दिसणारच. उलट डोकं तेलकट राहून कोंडा वाढतो, खाज येते आणि खाजवून आणखी केस जातात. आठवड्यातून दोनदा, गरज वाटली तर तीनदा, साध्या शाम्पूनं आणि कोमट पाण्यानं न्हा.

तापानंतरचं हे गळणं साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोरीतला पुंजका लहान होत गेलेला तुम्हाला दिसावा. कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड केस दिसायला लागले की समजा, नवे येताहेत. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीला जाडी यायला दीड-दोन वर्षं लागतील. सहा महिन्यांनंतरही गळणं तसंच राहिलं, तर मात्र तपास करायलाच हवा.

आता भांगाकडे येते. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

खिडकीच्या उजेडात बसून कुणाकडून तरी दोन फोटो काढून घ्या. एक माथ्यावरच्या भांगाचा, दुसरा डोक्याच्या मागच्या बाजूला भांग पाडून. मागचा भांग बारीक आणि माथ्यावरचा रुंद असेल, कपाळावरची केसांची कड मात्र जागच्या जागी असेल, तर हे बायकांमधलं आनुवंशिक विरळ होणं असण्याची शक्यता खूप. १९७७ साली लुडविग नावाच्या डॉक्टरांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आम्ही आजही वापरतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. अर्थात हे डोकं बघून ठरवायचं असतं, पत्र वाचून नव्हे.

यात केस रोज पुंजक्यानं गळतातच असं नाही. केसच बारीक होत जातो. आपल्या भागात ऊस सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तसंच सांगते. लावणीचा ऊस जाड, तो तोडल्यावर त्याच बुडख्यातून फुटणारा खोडवा त्याहून बारीक, त्यानंतरचा निडवा आणखी बारीक. बुडखा तोच, पण दर फेरीला कांडं बारीक होत जातं. केसाच्या मुळाचं अगदी असंच होतं. दर फेरीला केस आखूड, पातळ, फिकट येतो आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणून तुमच्या भांगाच्या कडेला जाड केसांच्या मध्येच बारीक केस दिसतील. जोवर ते बारीक केस दिसताहेत तोवर मूळ जिवंत आहे आणि औषधाला वाव आहे. तुम्ही चार वर्षं पेन्सिल भरत काढलीत, आणखी चार काढू नका, एवढं मी कळकळीनं सांगते.

पुरुषांत यामागं डीएचटी नावाचं हार्मोन असतं. बायकांत त्याचा वाटा असतो, पण रक्तातली हार्मोन्स बहुतेकींची नॉर्मलच येतात, मूळच त्यांना जास्त संवेदनशील असतं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमं वाढली असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करावी लागते. पत्रात तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, डॉक्टरांना मात्र नक्की सांगा.

औषध सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. यातलं फेरिटिन महत्त्वाचं. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत हे मला फार दिसतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतील. ताप अंगात असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, डेंग्यूत तर विशेष, त्यामुळे ऑगस्टमधला रिपोर्ट असेल तर तो धरू नका. आणि बायोटिनची गोळी तपासणीच्या आधी निदान तीन दिवस बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. बरं, तपासणी झाली की ती परत सुरूही करू नका. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, आणि नसलेली कमतरता भरून काढून भांग बारीक होत नाही. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही असतं, आणि ही दोन्ही जास्त झाली की उलट केस गळतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस झपाट्यानं गेले, तेव्हा सेलेनियमचं नाव घरोघरी पोचलं ते याचमुळे.

खाण्यातलं लोह म्हणाल तर नुसत्या गुळावर भरवसा ठेवू नका. कोल्हापूरचा गूळ चवीला कितीही चांगला असला तरी साठा भरून काढायला तो पुरत नाही. मटण खात असाल तर रश्शाबरोबर फोडीही खा, लोह त्यात आहे. नाहीतर अळीव, पालेभाज्या, मोडाच्या उसळी, आणि त्यावर लिंबू. जेवण झाल्या झाल्या चहा नको, तासभर थांबा, चहा लोह शोषू देत नाही. केस हे प्रथिनाचंच बनलेलं असतं, तेव्हा रोज अंडी, डाळ, दूध, दही यांतलं काही पोटभर जायला हवं. डेंग्यूनंतर तुमचं जेवण कमी झालं असेल, असं मला वाटतं.

औषध म्हणून पहिलं नाव येतं ते मिनॉक्सिडिलचं. हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, त्यातून डोक्याला लावायचं रूप निघालं आणि १९८८ साली अमेरिकेत पुरुषांसाठी त्याला मान्यता मिळाली, पुढं बायकांसाठीही. बायकांना २ टक्क्यांचं दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचं एकदा देतात. तुम्हाला कोणतं, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या, मेडिकलमधून परस्पर आणू नका. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते चालत नाही. हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

लावायची पद्धत चुकली तर पैसे पाण्यात जातात. केस कोरडे हवेत. भांग पाडायचा, औषध कातडीवर सोडायचं, बोटानं पसरायचं, मग बाजूला दुसरा भांग पाडून पुन्हा. केसांना चोपडून उपयोग नाही. हात साबणानं धुवायचे. रात्री लावत असाल तर झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून गालावर-कपाळावर लव वाढते. आणि घरात मांजर असेल तर तिला या औषधापासून फार जपा, ते मांजराला विषारी आहे.

पुढची गोष्ट लक्षपूर्वक वाचा. औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस आणखी गळू शकतात. विसावलेले जुने केस बाहेर ढकलून मूळ नव्याची तयारी करतं, म्हणून. माझ्याकडे औषध सोडून परत येणाऱ्या बायका बहुतेक याच टप्प्यावर सोडतात. तुमचं तापाचं गळणं अजून चालू आहे, त्यात हे आलं तर तुम्ही धास्तावाल, तेही ऐन लग्नात. म्हणून माझं मत असं: आत्ता तपासण्या करा, लोह कमी असेल तर ते भरायला लागा, आणि मिनॉक्सिडिल लग्न पार पडल्यावर सुरू करा. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. फरक दिसायला चार ते सहा महिने, पुरता अंदाज यायला वर्ष. दर महिन्याला एकाच खिडकीत, एकाच वेळी भांगाचा फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही. आणि हे औषध बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं, हेही आत्ताच सांगून ठेवते, मागाहून फसवल्यासारखं वाटायला नको. त्यानं भागलं नाही तर पोटात घ्यायची औषधंही आहेत, ती देखरेखीखालीच.

पीआरपीचे सगळे पैसे आधी भरू नका. आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून डोक्यात टोचतात, काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. निदान न करता, एकही रक्ततपासणी न करता जो माणूस पहिल्याच भेटीत पॅकेज सांगतो त्याच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. थोडी रांग लागेल, पण निदान नीट होईल.

डोक्यात आग होत असेल, पापुद्रे निघत असतील, भुवया विरळ होत असतील, चाईसारखा गोल गुळगुळीत चट्टा असेल किंवा एखाद्या जागी कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर लग्नापर्यंत थांबायचं नाही. याच आठवड्यात दाखवा. काही आजारांत मूळच मरतं आणि गेलेला केस परत येत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. तेल मुळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे माका घ्या, जास्वंद घ्या, ब्रह्मी घ्या, भांग त्यानं भरणार नाही. पण खोबरेल लावल्यानं केस कमी तुटतात, तेवढं त्यांचं बरोबर आहे. न्हाण्याआधी तासभर हलक्या हातानं लावायला त्यांनाच सांगा. त्यांना बरं वाटेल, तुम्हालाही. फक्त खसाखसा चोळणं नको आणि औषध सुरू झालं की ज्या वेळी ते लावायचं त्या वेळी डोक्याला तेल नको.

लग्नाचं बघू. आयब्रो पेन्सिल भरण्यात काही वाईट नाही, त्यानं मुळाला काही होत नाही, अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे केसांच्या रंगाची फायबर पावडर, भांगावर भुरभुरायची, न्हायलं की निघून जाते. भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा किंवा बाजूनं पाडा. गंगावन लावायचं तर हलकं घ्या आणि दोन-तीन तासांनी काढा. घट्ट अंबाडा, त्यावर वजनदार वेण्या आणि ओढून लावलेल्या पिना असं दिवसभर राहिलं की कपाळाकडचे केस ताणानंच जातात. पार्लरवालीला आधीच सांगून ठेवा, आढेवेढे घेऊ नका. लग्नाआधी स्मूदनिंग, केराटिन आणि पहिल्यांदाच वापरायची काळी मेंदी, यांतलं काहीही करू नका. काळ्या मेंदीतल्या रसायनाची ॲलर्जी आली की चेहरा सुजतो, आणि ती आली तर हमखास हळदीच्या दिवशी येते.

मांडवात कुणीतरी म्हणणारच, "केस कुठं गेले गं?" तेव्हा "डेंग्यूनं गेलेत वहिनी, येतील परत" एवढं बोलून पुढं चला. खोटंही नाही आणि विषयही संपतो.

मिस्टरांचं "काय एवढं" तुम्हाला लागलं आहे, ते ओळींतून कळतं. केसांचं दुःख करणं हा नखरा नव्हे. रोज सकाळी कंगवा हातात घ्यायची भीती वाटणं, घरच्या फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभं राहणं, यानं माणूस आतून खचतं. माझ्यासमोर बसून डेंग्यूपेक्षा केसांवर जास्त रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांतली एकही मला उथळ वाटली नाही. मिस्टरांना दवाखान्यात सोबत घेऊन जा. भांगाचे दोन फोटो शेजारी ठेवून डॉक्टर बोलतात तेव्हा बऱ्याच नवऱ्यांचा सूर बदलतो. झोप उडाली आहे, जेवावंसं वाटत नाही, माणसांत जाणं नकोसं झालंय, असं दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, त्यावरही उपचार आहेत.

राहिली लेक. तिला "नाही होणार" असं खोटं सांगू नका आणि "होणार" असंही नको. ही आनुवंशिकता आईकडून येते तशी वडिलांकडूनही येते, अनेक जनुकं मिळून ठरवतात, आईचे विरळ म्हणून मुलीचे होतीलच असं नाही. आणि तिच्यावर वेळ आलीच, तर तुमच्या आईच्या वेळी जे औषध हाताशी नव्हतं ते तिला पहिल्या वर्षीच मिळेल, हे तिला सांगा. तोवर तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, या वयात पाळी सुरू झाल्यावर ते भराभर उतरतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती घेते की दप्तरात ठेवते, ते बघा. शाळेसाठी वेण्या ओढून बांधू नका. आणि तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिची सुट्टी असेल तर तिलाही न्या. तिचे प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या.

जाताना डेंग्यूच्या वेळचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि भांगाचे ते दोन फोटो बरोबर ठेवा. त्या दिवशी भांगात पेन्सिल भरू नका.